शटरवरची लक्ष्मी आणि आतलं चित्र

प्रश्न असा आहे: "वडील कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवतात. मी चित्रकलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या वर्षीच्या कामात मी पाटीची अक्षरं, कॅलेंडरमधला देव आणि तैलरंगातलं व्यक्तिचित्र एकाच कॅनव्हासवर आणलं. परीक्षकांनी 'हे पोस्टर झालं' असं म्हणून ते बाजूला ठेवलं. मग मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांचं काम पोस्टर का ठरत नाही? आणि दोन्ही गोष्टी एका चित्रात आणायच्या असतील, तर त्या चिकटवल्यासारख्या दिसू नयेत म्हणून काय करायचं?"

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. त्याबद्दल बोलतेच, पण आधी दोडियांच्या एका कामासमोर थांबू. मला जे सांगायचं आहे ते तिथून सांगणं सोपं जाईल.

'महालक्ष्मी' हे त्यांचं २००२ सालचं काम. समोर दुकानाला असतं तसं गुंडाळत वर जाणारं लोखंडी शटर. त्यावर एनॅमल रंगात, म्हणजे पाट्यांच्या चकचकीत ऑइलपेंटमध्ये, लक्ष्मी, आपल्या देवघरातल्या तसबिरीत किंवा वाण्याच्या कॅलेंडरवर असते तशीच. शटर वर सरकवलं की आतलं चित्र दिसतं: हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी.

ही लक्ष्मी कुठे आहे ते बघ. ती शटरवर आहे. दुकानदार सकाळी शटर उघडताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो, दिवाळीत वह्यांची पूजा करतो, त्या जगातली ही देवी. सुनेलाही आपण घरची लक्ष्मीच म्हणतो. आणि आत त्या तिघी, ज्यांच्या घरात लक्ष्मी नव्हती म्हणून ज्यांची लग्नं अडली. हेच सगळं कॅनव्हासवर डावीकडे लक्ष्मी, उजवीकडे तीन मुली असं मांडलं असतं तर ते हुंडाविरोधी भित्तिपत्रक झालं असतं. हेतू चांगला असता, पण पाहणारा दोन सेकंदांत "कळलं" म्हणून पुढे गेला असता. शटरमुळे चित्रात वेळ येतो. आधी प्रसन्न देवी. मग कुणीतरी ती वर ढकलतं, पत्र्याचा ओळखीचा खडखडाट होतो, देवी पट्टीपट्टीने गुंडाळली जाते आणि आतलं उघडं पडतं. शटर खाली ओढलं की पुन्हा देवीच. आतलं माहीत झाल्यावर आता ती तशी दिसत नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. बाजारातली वस्तू या चित्रात आपलं काम घेऊन आली आहे. शटर दुकानात जे करतं तेच इथे करतं: झाकतं, उघडतं. कॅलेंडरची लक्ष्मी घरात जे करते तेच करते: आश्वासन देते. गॅलरीतल्या चित्राला जे येतं, म्हणजे एखाद्या असह्य गोष्टीसमोर माणसाला थांबवून ठेवणं, ते आतलं चित्र करतं. तिघांपैकी एक काढून घेतलं तर बाकीचं कोसळेल. 'उच्च' आणि 'बाजारू' यांचा मेळ जमला की नाही हे मी असंच तपासते. शैली किती प्रकारच्या आहेत ते मी मोजत नाही. कोण कुठलं ओझं उचलतंय ते पाहते.

आता तुझं चित्र. मधलं व्यक्तिचित्र तू मनापासून केलं आहेस. गळ्याखालची सावली, कानाच्या पाळीतून येणारा उजेड, सगळं थराथराने चढवलेलं आहे. कोपऱ्यातला दत्त बहुधा प्रिंटवरून उतरवलेला आहे, आणि तो घाईत संपवलेला आहे. पण मला खटकली ती खालची अक्षरं. ती तू मुद्दाम वाकडी काढली आहेस. रंग ओघळू दिला आहेस, एक वेलांटी अर्धवट सोडली आहेस, म्हणजे ती 'रस्त्यावरची' वाटावीत. तुझ्या वडिलांनी असं अक्षर कुठल्या गिऱ्हाइकाला कधी दिलं आहे का? पाटीवाल्याचं अक्षर वाकडं नसतं. शिरोरेषा दोरीने मारलेली असते, जाड-बारीक ब्रशच्या कोनातून येतं, सावली नेहमी एकाच बाजूला पडते, आणि दुकानाचं नाव कितीही लांब असलं तरी ते फळीत बसवलेलं असतं. ती विद्या तुझ्या घरात आहे. चित्र काढताना तू ती दाराबाहेर ठेवलीस, आणि पाटीबद्दलची इतरांची समजूत आत घेतलीस. म्हणून ते चिकटवल्यासारखं दिसतं. कॅनव्हासच्या मध्यभागी एक कसबी चित्रकार आहे, आणि कडेला तोच चित्रकार अडाणी असल्याचं भासवतो आहे.

परीक्षकांचा शब्द मला मान्य नाही, पण त्यांना काहीतरी बिनसलेलं दिसलं, ते खरं होतं. 'पोस्टर झालं' हे त्याचं नाव नव्हे. पोस्टर झालं असतं तर ते लांबून वाचता आलं असतं.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण हीच चूक मी केली आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत शिकत असताना दोन सुट्ट्या मी सिनेमाची होर्डिंग रंगवणाऱ्या एका स्टुडिओत काढल्या. पहिल्या सुट्टीत मला फक्त चौकटी आखायला आणि पार्श्वभूमी भरायला मिळाल्या. फोटोवर पेन्सिलीने चौकटी, त्याच्या अनेक पटींनी मोठ्या चौकटी कापडावर खडू लावलेल्या दोरीने, आणि मग एकेक चौकट उतरवत जायचं. वीस फुटी चेहरा काढणाऱ्याला काम करताना चेहरा दिसत नसतो. त्याला समोर फक्त एक चौकट दिसते, तरी नाक नाकाच्या जागी येतं. जवळून पाहिलं तर गालावर निव्वळ गुलाबी आणि जांभळे पट्टे, नाकाच्या बाजूला हिरवा, ओठाच्या कडेला नाइफने, म्हणजे रंग ओढायच्या बोथट सुरीने, ओढलेला एक लालभडक फटकारा. रस्त्यापलीकडे जाऊन मागे वळावं, तर नायक रागावून बघतोय. हे रंग भडक आवडीमुळे आलेले नव्हते. धुळीतून, उन्हातून, चालत्या बसच्या खिडकीतून चेहरा पोचवायचा, तर ते रंग लागतात.

काही वर्षांनी मी 'मिश्र' चित्रांचं एक छोटं प्रदर्शन केलं. त्यात एका नायकाचा चेहरा होता, बारीक ब्रशने, अगदी मऊ मिसळलेला. त्या स्टुडिओतले एक ज्येष्ठ कारागीर पाहायला आले. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चेहरा मेलाय." त्यांचं बरोबर होतं. मी होर्डिंगमधून विषय उचलला होता, आणि त्याला जिवंत ठेवणारी रीत मागे टाकली होती. त्यानंतर मी दोन वर्षं काही मांडलं नाही. नुसती नाइफ घेऊन मोठ्या कापडावर चेहरे करत राहिले.

'उच्च' आणि 'बाजारू' यांच्यातली ही भिंत आपल्याकडे नेहमीच एवढी उंच होती असं समजू नकोस. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात लागणारी तैलचित्रातली भाषा त्या छापखान्यातून शेतकऱ्याच्या घरातल्या भिंतीवर गेली. आपण ज्याला आज 'कॅलेंडर आर्ट' म्हणून नाक मुरडतो ते मुळात अभिजात समजल्या गेलेल्या चित्राचंच पिल्लू आहे. तुझ्याच गावचे बाबूराव पेंटर घे. कारागिराच्या घरात जन्मलेले, कुठल्या कलाशाळेत न शिकलेले. त्यांनी आणि त्यांच्या नात्यातल्या आनंदराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, बाबूरावांनी पुढे चित्रपट काढले, त्यांची पोस्टरं स्वतः केली, आणि व्यक्तिचित्रं आणि शिल्पंही केली. त्यांना कुणी विचारलं नाही की यातलं वरचं कुठलं आणि खालचं कुठलं. लोकांनी 'पेंटर' हे आडनावच करून टाकलं. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं, आणि एका ओढीत आकृती उभी करणारी त्यांची ती लांब, न थांबणारी रेषा मला तरी थेट त्या शिडीवरून आलेली वाटते. दलाल आणि मुळगावकर यांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं तर मराठी घरांनी फ्रेम करून लावली.

भिंत वाढली ती शिक्षणाच्या सोयीत. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत १९३५ साली कमर्शिअल आर्टचा, म्हणजे जाहिरातकलेचा, वर्ग सुरू झाला, पुढे ती वेगळी संस्था झाली. एकाच आवारात दोन इमारती, दोन वेगळे अभ्यासक्रम. सोय म्हणून ते योग्यच होतं. पण माझ्या पिढीपर्यंत येता येता इकडच्यांनी, म्हणजे चित्रकलेच्या लोकांनी, 'इलस्ट्रेशन' हा शब्द शिवीसारखा वापरायला सुरुवात केली होती, आणि तिकडच्यांना वाटायचं की इकडचे लोक कुणाला कळू नये म्हणून चित्र काढतात. तुझ्या परीक्षकांचा शेरा त्या आवारातूनच चालत आला आहे, मग ते कुठेही शिकलेले असोत.

दोडिया या आवारातून बाहेर कसे पडले ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण ते एका उडीत घडलेलं नाही. जन्म १९५९, घाटकोपरचं गुजराती कुटुंब, जे.जे.मधून १९८२ मध्ये पदवी. सुरुवातीचं काम फोटोवरून केल्यासारखं, शांत, घरातलं: माणसं, भिंती, जिने. १९८९ मध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत झालं. या केमोल्डचाही एक धागा आपल्या विषयात येतो. केकू गांधींनी १९४१ मध्ये फ्रेमच्या पट्ट्यांचा धंदा सुरू केला होता, आणि त्या फ्रेमच्या व्यवसायातून पुढे आधुनिक चित्रांची गॅलरी झाली.

१९९१-९२ मध्ये दोडिया पॅरिसला शिकायला गेले. छापील पुस्तकांतून पाहिलेली युरोपची चित्रं तिथे प्रत्यक्ष पाहिली. परतल्यावर त्यांच्या चित्राची ती एकसंध, शांत भाषा मोडली. माझ्या मते इथे काहीतरी फार महत्त्वाचं घडलं. आपल्याला कला आली ती छापील चित्रांतून, जसा सिनेमा आला पोस्टरमधून आणि देव आले कॅलेंडरमधून. मुंबईच्या उपनगरातल्या मुलासाठी पिकासो आणि सिनेमाचा खलनायक दोघेही कागदावरच भेटलेले. मग त्यांच्यात उच्च-नीच ठरवणारे आपण कोण?

१९९४ च्या 'द बॉम्बे बकॅनियर'मध्ये त्यांनी स्वतःलाच एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या पोस्टरमधल्या नायकाच्या जागी उभं केलं. काळ्या चष्म्याच्या काचांत मात्र मूळ पोस्टरसारख्या नायिका नाहीत. तिथे डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खख्खर हे दोन चित्रकार आहेत. म्हणजे नजर कुणाची उसनी घेतली आहे ते चित्रातच कबूल केलेलं आहे. १९९७ चं एक चित्र आहे, 'गब्बर ऑन गॅम्बोज'. नावातच दोन जगं आहेत. गब्बर कोण हे सांगायला नको. गॅम्बोज हा झाडाच्या चिकापासून होणारा पिवळा रंग, ज्याची ओळख फक्त रंगपेटी हाताळणाऱ्याला. प्रेक्षकांतल्या अर्ध्यांना पहिला शब्द कळतो, उरलेल्यांना दुसरा. चित्रासमोर उभं राहिल्यावर दोघांना एकमेकांची गरज लागते.

ही दोन्ही चित्रं मला आवडतात, तरी ती अजून कॅनव्हासवर आहेत. तिथे पोस्टर पाहुणा म्हणून येतं, घर तैलचित्राचंच आहे. शटरपाशी आल्यावर हे नातं उलटलं. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत ज्यांनी दिवस काढले त्यांना बंद शटरांची रांग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शटर खाली येण्याचा आवाज ऐकला की माणसं मुलांना घरात ओढायची. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये महानगरांवरचं 'सेंच्युरी सिटी' हे मोठं प्रदर्शन झालं. त्यातला मुंबईचा विभाग गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष या अभ्यासकांनी मांडला होता, आणि तिथे दोडियांची शटरं होती. आता घर दुकानाचं होतं आणि तैलचित्र पाहुणं.

त्यानंतर ते सनमायकावर एनॅमलने रंगवू लागले. 'सप्तपदी' ही सहजीवनावरची मालिका तशी आहे. सनमायका म्हणजे आपल्या टेबलांचा, दुकानांच्या काउंटरचा पृष्ठभाग, पुसता येणारा. त्यावर रंग मुरत नाही, वर बसतो आणि चमकतो. नवरा-बायकोच्या नात्याचं चित्र कॅनव्हाससारख्या शोषून घेणाऱ्या कापडावर न काढता स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या जातीच्या पृष्ठभागावर काढणं, हा निर्णय मला कुठल्याही प्रतीकापेक्षा जास्त बोलका वाटतो. आणि 'ब्रोकन ब्रँचेस', २००२: पोरबंदरच्या गांधी-संग्रहालयातल्या कपाटांवरून सुचलेली नऊ लाकडी काचेची कपाटं, आत फोटो, हत्यारं, हाडं, कृत्रिम हातपाय. २०१९ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या भारतीय दालनात ती होती. संग्रहालयाचं कपाट म्हणजे 'उच्च' गोष्टी ठेवायची जागा. पण गावातल्या संग्रहालयाचं कपाट आणि किराणा दुकानाचं कपाट एकाच सुताराने केलेलं असू शकतं. ते कपाट पाहिल्यावर माझ्या मनातली वर-खालीची भाषाच थोडी लटकी पडली.

चष्म्यातल्या भूपेन खख्खरांकडे तू वेगळ्याने जा. जन्म मुंबईचा, १९३४. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, पुढे बडोद्यात स्थायिक. साठच्या दशकात त्यांनी देवांच्या छापील चित्रांचे तुकडे कापून कोलाज केले, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशी साध्या व्यावसायिकांची चित्रं. १९७२ चं 'जनता वॉच रिपेअरिंग' नीट बघ. सपाट रंग, थोडे अवघडलेले हातपाय, वर दुकानाची पाटी. पण त्यात कुठेही त्या माणसाला हसलेलं नाही. खख्खरांनी ती सपाट रीत 'वापरली' असं मला वाटत नाही. एकटा मध्यमवर्गीय माणूस दाखवायला तीच रीत पुरेशी मायाळू आहे, असं त्यांना आढळलं असावं. दोडियांकडे माहिती फार आहे, संदर्भांचे थरावर थर आहेत, आणि कधीकधी मला ते थर जड होतात. चित्र सोडवायचं कोडं वाटायला लागतं. खख्खरांकडे तो धोका नाही. तुझ्या स्वभावाला, फोटोवरून तरी, खख्खर जास्त जवळचे वाटतात.

'लोब्रो', म्हणजे खालच्या अभिरुचीची समजली जाणारी कला, या शब्दाबद्दल थोडक्यात, कारण इंटरनेटवर तो तुला सारखा भेटेल. तो अमेरिकेतल्या रॉबर्ट विल्यम्सच्या १९७९ च्या पुस्तकाच्या नावातून रूढ झाला. रंगवलेल्या मोटारी, भूमिगत कॉमिक्स, टॅटू यांच्यातून आलेले ते चित्रकार. गॅलऱ्यांनी दार लावलं म्हणून त्यांनी तो शब्द बिल्ल्यासारखा छातीवर लावला आणि १९९४ मध्ये 'जक्सटापोझ' हे स्वतःचं मासिक काढलं. त्यांचा राग खरा आहे, पण तो तिथला आहे. आपल्याकडे कॅलेंडरला हार घातला जातो, त्याच्यासमोर उदबत्ती लागते. जिथे लोक चित्राची पूजा करतात तिथे त्याला 'लो' म्हणताना जीभ अडखळायला हवी. तिकडचे मोठे डोळे, कवट्या आणि ओघळते रंग इकडे आणून आपली 'लोब्रो' शैली होणार नाही.

आता हातातल्या कामाच्या गोष्टी. यांत तुझे वडील माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील, पण कॅनव्हास आणि पत्रा एकत्र आले की काही अडचणी अशा येतात ज्या पाटीवाल्याला कधी येत नाहीत.

पाटी चारपाच वर्षं टिकली की गिऱ्हाईक खूश असतं, चित्राला ते पुरत नाही. शटरचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर त्यावर सरळ एनॅमल मारू नकोस. तेलाच्या अंशाची आणि जस्ताची प्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षांत रंग पापडासारखा सुटतो. आधी तेलकटपणा धुऊन काढायचा, मग जस्तावर चालणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला धरून बसणारा पहिला थर, मग रंग. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइडचा प्रायमर चालतो. थर पातळ ठेव आणि प्रत्येक थराला पूर्ण वाळायला वेळ दे. आधीचा थर अर्धा ओला असताना वर दुसरा आला तर टर्पेंटाइनने खालचा फुगतो आणि सुरकुत्या पडतात. शटरवर जाड रंग तर अजिबात नको. गुंडाळताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि रंग कच्चा असेल तर चिकटून बसतात. मी एक शटर चौथ्या दिवशी गुंडाळलं होतं आणि उघडताना देवतेचा अर्धा हात वरच्या पट्टीला लागून आला. आता मी महिनाभर ते उघडंच ठेवते.

एनॅमलचा पांढरा अंधारात पिवळा पडतो. बंद गोदामात ठेवलेली चित्रं म्हणूनच मळकी दिसतात. उजेडात ठेवली की पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. म्हणजे जे चित्र बराच काळ झाकलेलं राहणार आहे, त्यात पांढऱ्याचा मोठा भाग ॲक्रिलिकने करावा. आणि क्रम विसरू नकोस: ॲक्रिलिकवर तेल किंवा एनॅमल चालतं, एनॅमलवर ॲक्रिलिक धरत नाही, सोलून निघतं. सनमायकावर रंगवायचं असेल तर आधी पॉलिश पेपरने त्याची चमक मोडायची, नाहीतर नखाने रंग निघेल.

चमकेचाही विचार कर. तुझ्या कॅनव्हासवर अक्षरं आणि चेहरा दोन्ही एकाच मंद वॉर्निशखाली आहेत. त्यामुळे पाटीची चमक मेली. पाटी रस्त्यावर चमकते, तिच्यात समोरून जाणाऱ्याची सावली दिसते. मी असते तर अक्षरांचा भाग एनॅमलने चकचकीत ठेवला असता आणि चेहऱ्याची त्वचा मॅट. मग पाहणारा चेहऱ्याजवळ गेला की अक्षरांत त्याला स्वतःची हालचाल दिसली असती.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती बोलल्याशिवाय मला या विषयावर बोलणं अप्रामाणिक वाटतं. फ्लेक्स आल्यावर हाताने होर्डिंग रंगवणारे थोड्याच वर्षांत बेकार झाले. ज्या स्टुडिओत मी शिकले तिथे आता दुसराच धंदा चालतो. त्याच काळात गॅलऱ्यांत होर्डिंगची भाषा मानाने येत होती. भाषा आत आली, माणसं बाहेर राहिली. याचा दोष मी कुठल्या एका चित्रकाराला देत नाही. पण जे हात आपल्यासाठी रंगवतात त्यांचं नाव चित्राच्या माहितीत यावं, आणि विक्रीत त्यांचा वाटा आधी ठरलेला असावा, एवढं आपल्या हातात असतं. मी माझ्या पाट्या रंगवून घेते तेव्हा चित्राच्या मागे दोन सह्या असतात. एका खरेदीदाराने दुसरी सही झाकता येईल का असं विचारलं होतं. तो व्यवहार मी केला नाही.

म्हणून माझी सूचना अशी. हे चित्र फेकू नकोस, पण दुरुस्तही करू नकोस. नवीन घे. कॅनव्हासऐवजी वडिलांकडून त्यांच्या नेहमीच्या मापाची पत्र्याची पाटी घे, लाकडी चौकटीवर ठोकलेली, प्रायमर मारलेली. त्यांना विचार की या पाटीवर दुकानाचं नाव लिहायचं तर ते सुरुवात कुठून करतील, किती जागा सोडतील, कुठला रंग आधी. तो आराखडा त्यांनी खडूने टाकावा. मग तुझा चेहरा त्या आराखड्यात बसव, अक्षरांसाठी असलेल्या जागेत, अक्षरांच्या नियमाने. त्यासाठी चेहऱ्याला कुठेतरी आखूड व्हावं लागेल, कुठेतरी सपाट. त्वचेतला तुझा तो उजेड कदाचित निम्मा सोडावा लागेल. त्याचा त्रास होईल, पण त्या त्रासातच कुठला उजेड खरोखर हवा होता ते तुला कळेल. दत्त मला अजून अनावश्यक वाटतो. तो का आहे याचं उत्तर 'कॅलेंडर दाखवायचं होतं' एवढंच असेल तर काढ. तुझ्या घरात त्या तसबिरीसमोर कोण रोज उभं राहतं, आणि ती व्यक्ती काय मागते, हे चित्रात येणार असेल तर ठेव.

अक्षरं कोणी लिहायची, हा प्रश्न मी तुमच्या दोघांवर सोडते. वडिलांनी लिहिली तर सही त्यांचीही कर. तू लिहिणार असशील तर आधी महिनाभर त्यांच्याबरोबर खऱ्या गिऱ्हाइकांच्या पाट्यांवर बस. पहिली ओळ सरळ आली की त्याचा फोटो मला पाठव. पुढचं त्यानंतर बोलू.